शहरात सामुदायिक टीव्ही वाहिनी चालवायची तर: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

वाहिनी सुरू करायची म्हणून वस्तीतली, कॉलेजातली, बचत गटातली माणसं भेटायला येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात कॅमेऱ्याचं कोटेशन असतं. केबलवाल्याशी करार झालेला नसतो. वेळापत्रक नसतं. दर मंगळवारी शूटिंगला कोण येणार हेही ठरलेलं नसतं. मग पहिला महिना जोरात जातो, दुसऱ्या महिन्यात जुने भाग फिरू लागतात आणि दिवाळी आली तरी पडद्यावर गणपतीची मिरवणूकच चालू असते. छत्रपती संभाजीनगरात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. या मंडळींकडे मेहनतीची कमी नव्हती. कामं उलट्या क्रमाने झाली, एवढंच. म्हणून इथे क्रम लिहितो आहे. लोक जिथे अडकतात तिथे जरा जास्त थांबलो आहे.

१. आधी रस्ता समजून घ्या

आपल्या देशात सामुदायिक रेडिओला स्वतंत्र धोरण आणि परवाना आहे. सामुदायिक टीव्हीला तसा वेगळा परवाना नाही. त्यामुळे तुमच्यासमोर दोनच रस्ते उरतात. पहिला रस्ता केबलवरच्या स्थानिक वाहिनीचा. दुसरा इंटरनेटवरून दाखवण्याचा.

केबलच्या भाषेत स्थानिक वाहिनीला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. तिच्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या या गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत:

- नोंदणी मोठा केबल चालक, म्हणजे एमएसओ, करतो. तुमचं मंडळ करत नाही. शुल्क प्रत्येक वाहिनीमागे १,००० रुपये.
- एकूण वाहिन्या वाहून नेण्याच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच एमएसओला अशा वाहिन्या चालवता येतात. त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी २ वाहिन्यांची मुभा आहे.
- स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायच्या असतील तर एमएसओ ‘कंपनी’ म्हणून नोंदलेला असावा लागतो.
- पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ ही ओळ दिसली पाहिजे.
- सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं.
- वाहिनीचा मजकूर त्याच एमएसओपुरता मर्यादित असतो, दुसऱ्या वितरकाला देता येत नाही. धार्मिक स्थळांवरच्या थेट प्रक्षेपणाला यातून सूट आहे.

सगळ्यात जास्त लोक शेवटच्या मुद्द्यावर फसतात. सिडकोत एका कंपनीची केबल असते आणि जुन्या शहरात दुसरीची. मंडळ दोघांनाही शब्द देऊन बसतं. तसं करू नका. तुमचे प्रेक्षक कुठे राहतात ते आधी बघा आणि त्या भागात ज्याचं जाळं आहे त्याच्याकडेच जा. राहिलेल्यांसाठी इंटरनेट आहेच.

तपासा: एमएसओकडून नोंदणीची प्रत मागून घ्या. “सगळं आहे हो आपल्याकडे” या उत्तरावर काम सुरू करू नका.

२. प्रेक्षक ठरवा, तेही गल्लीपर्यंत

२०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांच्या घरात होती. एवढ्या सगळ्यांसाठी वाहिनी काढायची म्हटलं तर ती कोणाचीच होत नाही. दोन-तीन प्रभाग निवडा. घरोघरी जाऊन चारच प्रश्न विचारा: टीव्ही कोण लावतं, किती वाजता, कोणत्या भाषेत ऐकायला आवडतं आणि कोणती माहिती वेळेवर मिळत नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच येतं: पाणी. अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कधी सुटणार हे ऐनवेळी कळतं. दुसऱ्या नंबरवर गुंठेवारीतल्या घरांचे कागद, रेशन आणि शाळाप्रवेश. वाहिनीचं पहिलं काम इथेच सापडतं. महोत्सव, मुलाखती, गाण्यांचे कार्यक्रम नंतर येऊ द्या.

भाषेचं म्हणाल तर मराठी आणि दखनी दोन्ही पडद्यावर असू द्या. दखनीत बोलणाऱ्या बाईंचा आवाज काढून त्यावर मराठी निवेदन चढवू नका. त्यांचा आवाज तसाच ठेवून खाली मराठी ओळ द्या. आपला आवाज आपल्याच बोलीत ऐकला की माणूस पुन्हा बोलायला तयार होतो.

३. माणसं आणि संस्था

संस्था नोंदवलेली हवी. सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी, काहीही चालेल. बँक खातं आणि पॅन संस्थेच्याच नावावर असू द्या. कोणा एकाच्या खात्यावर प्रायोजकाचे पैसे घेतले की सहा महिन्यांत भांडण ठरलेलं.

कामं माणसांच्या नावाने लिहून काढा:

- कार्यक्रम प्रमुख: काय दाखवायचं आणि काय थांबवायचं हे ठरवणारी एकच व्यक्ती. अंतिम शब्द तिचा.
- वेळापत्रक बघणारा: रोजची यादी तयार करणारा. हा माणूस शिस्तीचा हवा, कलाकार नसला तरी चालेल.
- पट्टी बघणारी: पडद्याखालच्या मजकुराची जबाबदारी तिची. याबद्दल पुढे सविस्तर.
- शूटिंग आणि एडिटिंग: कमीत कमी दोन जोड्या.
- तक्रार ऐकणारा: याचा फोन नंबर पडद्यावर दिसला पाहिजे.

सल्लागार मंडळात प्रत्येक प्रभागातून दोघे घ्या. त्यातली एक महिला हवीच. निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेल्या माणसाला निवेदक करू नका. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या, कारण नंतर सांगायला गेलं की तो त्या माणसाचा अपमान ठरतो.

४. केबलवाल्याशी करार

तोंडी बोलणी कितीही गोड झाली तरी पुढचे मुद्दे कागदावर हवेत.

१. सिग्नल कसा पोचणार: फायबरवरून, इंटरनेटवरून की रोज हार्ड डिस्क नेऊन? लाइन तुटली तर कोण जोडणार आणि किती तासांत?
२. वाहिनीचा क्रमांक कोणता आणि तो बदलण्याआधी किती दिवस कळवणार?
३. सामग्रीची मालकी कोणाची? “कार्यक्रम संस्थेच्या मालकीचे असून संस्था ते इंटरनेटवर दाखवू शकेल” हे वाक्य करारात घालून घ्या.
४. जाहिराती कोण घेणार आणि पैसे कसे वाटले जाणार?
५. तुमच्या वेळेत केबलवाला स्वतःची पट्टी किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकू शकतो का?

पाचवा मुद्दा छोटा वाटतो, पण तोच सगळ्यात आधी त्रास देतो. लसीकरणाची माहिती चालू असताना खाली एखाद्या पुढाऱ्याचा फोटो फिरू लागला की लोकांच्या डोळ्यांत वाहिनी त्या पुढाऱ्याची होते. मग तो गैरसमज पुसता पुसत नाही.

सावध: कार्यक्रमांना केबल टेलिव्हिजन नियमांमधली कार्यक्रम संहिता लागू आहे आणि जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. दुसऱ्या वाहिनीची क्लिप, सिनेमाचं गाणं, क्रिकेटचा तुकडा परवानगीशिवाय वापरू नका. मागे हळू आवाजात वाजवलेलं गाणंसुद्धा यातच येतं. वस्तीतल्या शाहिराकडून, भजनी मंडळाकडून, कव्वालांकडून स्वतःचं संगीत रेकॉर्ड करून घ्या आणि लेखी परवानगी फाइलला लावा.

५. वेळापत्रक: रोज अर्धा तास ताजा, बाकी पुनःप्रसारण

चोवीस तासांचं स्वप्न बाजूला ठेवा. हिशेब करून बघा. बाहेर जाऊन शूट केलेल्या अर्ध्या तासाच्या एका भागाला एक दिवस माहिती काढण्यात जातो, एक शूटिंगमध्ये आणि दोन एडिटिंगमध्ये. रोज अर्धा तास ताजा म्हणजे आठवड्याचे सात भाग. सातही असेच करायचे म्हटले तर चार दिवसांप्रमाणे अठ्ठावीस दिवसांचं काम एका आठवड्यात बसवावं लागेल. दोन जोड्यांना ते अशक्य आहे.

म्हणून मिश्रण ठेवा. आठवड्यात दोनच भाग बाहेरचे. तीन भाग खोलीत बसून गप्पांचे, तिन्ही एकाच दिवशी लागोपाठ रेकॉर्ड केलेले. एक प्रभागातली बैठक किंवा शाळेतला कार्यक्रम, फार कापाकापी न करता. रविवारी आठवड्याचा गोषवारा आणि लोकांच्या तक्रारींना उत्तरं.

हा अर्धा तास दिवसातून चारदा फिरवा. वेळा लोकांच्या दिनक्रमावरून ठरवा. वाळूजच्या एमआयडीसीत पाळीत काम करणारा माणूस सकाळचा भाग बघू शकत नाही, पण दुपारी घरी आल्यावर बघतो. धुणीभांडी करणाऱ्या बाया दुपारी मोकळ्या होतात. संध्याकाळी सात ते नऊ घरातला रिमोट मालिकांकडे असतो, तिथे भांडायला जाऊ नका. सकाळी साडेसात, दुपारी दीड, संध्याकाळी सव्वासहा आणि रात्री साडेनऊ, असं काहीतरी धरा आणि मग वर्षभर हलवू नका. साडेसातला लावणाऱ्या आजीला तीन दिवस लागोपाठ साडेसातला कार्यक्रम दिसला की चौथ्या दिवशी ती शेजारणीला सांगते. दोनदा उशीर झाला तर ती पुन्हा लावत नाही. माझ्या अनुभवात उशिराचं नुकसान वाईट चित्रापेक्षाही मोठं असतं.

तपासा: पहिला भाग दाखवण्याआधी १४ भाग तयार आणि तपासून झालेले हवेत. नऊच झाले असतील तर उद्घाटन पुढे ढकला, पाहुण्यांची तारीख मिळाली असली तरी.

६. जागा, वीज, आवाज आणि मग कॅमेरा

खरेदी याच क्रमाने करा.

जागा: दहा बाय बाराची खोली पुरते. पत्र्याचं छत नको, पावसाळ्यात त्याखाली एक शब्द ऐकू येत नाही. भिंतींवर जुन्या गोधड्या किंवा जाड पडदे लावा, घुमणारा आवाज बसतो.

वीज: लाइट जाणार हे धरूनच चाला. प्रसारणाचा कॉम्प्युटर, एन्कोडर (चित्र-आवाज पाठवण्याजोग्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) आणि इंटरनेटचा राउटर ही तीन यंत्रं यूपीएसवर हवीत. अनेक जण कॉम्प्युटरला यूपीएस देतात आणि राउटर विसरतात. मग मशीन चालू राहतं आणि वाहिनी बंद पडते.

आवाज: बजेटचा पहिला पैसा इथे घाला. दोन कॉलर माइक आणि एक हातात धरायचा माइक. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, पदराखाली किंवा दुपट्ट्याखाली जाऊ देऊ नका. बोलताना मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये खेळला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा म्हणणं म्हणजे समोरच्याचा छळ आहे, त्यामुळे उन्हाळ्यातल्या मुलाखती सकाळी सातला उरका. निघताना सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा तीस सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये जोड लपवायला तो लागतो.

कॅमेरा: चांगला मोबाइल आणि मजबूत ट्रायपॉड यावर पहिलं वर्ष निघतं. सेटिंग मात्र बदला: सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर येतो आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात केलेली कितीतरी शूटिंग या एका कारणाने वाया गेलेली मी पाहिली आहेत. भर उन्हात मोबाइल तापून बंद पडतो, तेव्हा छत्री सोबत ठेवा, आपल्यासाठी नाही, यंत्रासाठी.

तपासा: गोल ताटाचा फोटो काढून तो आपल्या वाहिनीवर पाच मिनिटं चालवा आणि चार घरांत जाऊन बघा. ताट लांबुळकं दिसलं तर एन्कोडर किंवा हेडएंडवर, म्हणजे केबलवाल्याच्या मुख्य केंद्रावर, चित्राचं प्रमाण चुकलंय. हे पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

७. पट्टी: सगळ्यात छोटं काम, सगळ्यात मोठी चूक

हा भाग मी माझ्या चुकीतून लिहितो आहे. आमच्या वाहिनीवर पाण्याच्या वेळा पट्टीवर जात. एके दिवशी पाणी सोडायचा टप्पा बदलला, नवी पट्टी लिहिली गेली, पण जुनी काढायची राहिली. एका वसाहतीतल्या बाया कामावर सुट्टी टाकून पहाटेपासून हंडे मांडून बसल्या. पाणी आदल्या रात्रीच येऊन गेलं होतं. त्यातल्या एकीने फोन करून एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून थांबले होते, आता काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून खालचे नियम मोडू दिलेले नाहीत.

१. प्रत्येक पट्टीला मरणाची वेळ लिहायची. “सोमवार संध्याकाळी ६ ला काढणे” असं नोंदवहीत लिहिल्याशिवाय पट्टी चढवायची नाही.
२. पट्टीत ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द चालणार नाहीत. वार आणि तारीख लिहायची.
३. माहिती कोणी दिली, किती वाजता दिली, हे वहीत हवं. व्हॉट्सअॅपवर आलेला फॉरवर्ड हा स्रोत नाही. संबंधित पाण्याच्या टाकीवरच्या किंवा वॉर्ड कार्यालयातल्या माणसाला फोन लावून खात्री करायची.
४. एकीने लिहायची, दुसऱ्याने वाचायची, मग चढवायची.
५. चूक झाली तर नुसती पट्टी काढू नका. दुरुस्तीची पट्टी तेवढाच वेळ चालवा.

अक्षरांचाही एक घोळ असतो. हेडएंडवरच्या जुन्या मशीनमध्ये युनिकोड मराठी नीट बसत नाही. ‘पाणीपुरवठ्याची’, ‘दुसऱ्या’, ‘कार्यालय’ या शब्दांची जोडाक्षरं तुटतात. त्यामुळे मजकूर पाठवू नका, पट्टी चित्र म्हणून बनवून आपल्याच बाजूने चित्रफितीवर चढवून पाठवा. एका वेळी सात-आठ शब्द पुरे. पट्टी अगदी तळाला चिकटवू नका, जुन्या टीव्हीत खालची कड कापली जाते.

८. शूटिंगला जाताना

संमती आधी घ्या, कॅमेरा नंतर काढा. कागदावर सही नको वाटली तर कॅमेऱ्यासमोर नाव सांगून “हे वाहिनीवर आणि इंटरनेटवर दाखवायला माझी हरकत नाही” असं बोलून घ्या. मुलांसाठी पालकांची संमती. उद्या कोणी “माझं काढून टाका” म्हणालं तर काढून टाका, वाद घालू नका.

सावध: अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, कुटुंब, ओळख पटेल असं काहीही दाखवायला पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बंदी आहे. चेहरा धूसर करून मागे शाळेची पाटी ठेवली तरी ओळख पटते. शेतकरी आत्महत्या हा आपल्या भागाचा जुना घाव आहे. त्या घरी जायचं तर कॅमेरा न घेता आधी जा. कशी केली, कुठे केली, हे पडद्यावर नको. कुटुंबाचं पुढे काय अडलंय, कर्जाचा किंवा वारसाचा कोणता कागद कुठे थांबलाय, हे दाखवा. शेवटी मदतीचा हेल्पलाइन क्रमांक द्या: टेलिमानस, १४४१६.

९. प्रसारण आणि नोंद

प्रसारणाचा कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही. त्यावर व्हॉट्सअॅप नको, ऑफिसच्या फाइली नकोत. आपोआप होणारे अपडेट, स्क्रीन झोपणं, कोपऱ्यात येणाऱ्या सूचना, सगळं बंद करा. ओबीएस हे प्रसारणाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सुरुवातीला पुरतं.

फाइलचं नाव एकाच पद्धतीने द्या: तारीख, कार्यक्रम, भाग क्रमांक, लांबी. ‘फायनल२’ नावाच्या फाइलमुळे चुकीचा भाग लागतो, आणि तो लागलाय हे आधी प्रेक्षकाला कळतं.

९० दिवसांच्या रेकॉर्डिंगची जबाबदारी नियमाने एमएसओची असली तरी स्वतःची प्रत ठेवा. तक्रार आली की तीच कामाला येते. सेकंदाला २ मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण ०.९ जीबी, दिवसाला २१.६ जीबी, ९० दिवसांना १,९४४ जीबी. म्हणजे २ टीबीची डिस्क अगदी काठोकाठ भरते. ४ टीबीची घ्या. तुमचे मूळ कार्यक्रम वेगळ्या डिस्कवर, आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या घरात.

तपासा: दर रविवारी मुद्दाम मुख्य वीज बंद करून बघा. वाहिनी किती मिनिटं टिकली ते वहीत लिहा. आकडा घटू लागला की बॅटरी बदलायची वेळ आली.

१०. पैसा

थोडक्यात सांगतो. किराणा दुकान, क्लास, दवाखाना यांचे छोटे मासिक प्रायोजक एका मोठ्या जाहिरातदारापेक्षा बरे. एकाचा हिस्सा एकूण जमेच्या चौथाईपेक्षा वाढू देऊ नका. जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाहिनीवरच वाचून दाखवा.

११. निवडणूक आणि तणावाचे दिवस

लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर दाखवता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ तसं सांगतं. राजकीय जाहिरात असेल तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लावायची नाही. पुनःप्रसारणात एखादा जुना भाग, ज्यात उमेदवार पाहुणा म्हणून आलेला आहे, नकळत लागतो. आचारसंहिता लागली की सगळी यादी पुन्हा चाळा.

शहरात तणाव असेल तेव्हा थेट प्रक्षेपण बंद. फक्त रेकॉर्ड केलेलं आणि कार्यक्रम प्रमुखाने पूर्ण बघितलेलं लावायचं. “दुजोरा मिळालेला नाही” असं लिहून अफवा चालवायची नाही. दुजोरा नसेल तर ती गोष्ट पडद्यावर येत नाही. शाळा सुरू आहेत का, बस कोणत्या मार्गाने जाताहेत, औषधाचं कोणतं दुकान उघडं आहे, हे स्वतः फोन लावून विचारा आणि मराठी व उर्दू दोन्ही लिप्यांत पट्टीवर द्या.

अशा रात्री वाहिनी तात्पुरती थांबवायचा अधिकार कोणाला आहे, त्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर प्रसारणाच्या मशीनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. त्याखाली हेडएंडवरच्या ड्युटीच्या माणसाचा नंबर. आणि दहा मिनिटांची एक शांत फाइल, फक्त वाहिनीचं नाव आणि तक्रारीचा फोन असलेली, नेहमी यादीत सगळ्यात वर तयार ठेवा. रात्रपाळीला बसलेल्या मुलाला एका क्लिकमध्ये ती लावता आली पाहिजे. त्याच्याकडून ते दर महिन्याला एकदा करून घ्या.